बावीस रात्री, दोन बेटे आणि एक गाडी

न्यूझीलंडची सफर स्वतः गाडी चालवत करावी, असे अनेकांच्या मनात असते. नकाशावर हा देश एवढासा दिसतो आणि तिथेच बेत फसतो. घरातून निघण्यापूर्वी कागदावर केलेले चार हिशेब ही सफर सुखाची आणि सुरक्षित करू शकतात.

समजा, एका घरातील चौघेजण न्यूझीलंडला निघाले आहेत. आई, वडील, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि सत्तरीच्या आजी. अनेक वर्षे बाजूला टाकलेला पैसा या प्रवासासाठी काढलेला आहे. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला जातो. मुलीला ‘कहो ना प्यार है’मधले डोंगर आणि तळी पाहायची आहेत, वडिलांना हिमनदी, आईला देवमासे आणि आजींना एवढेच हवे आहे की रोज रोज सामान बांधावे लागू नये. अर्ध्या तासात वडिलांच्या वहीत पस्तीस ठिकाणे जमा होतात आणि दिवस असतात मोजकेच!

बहुतेक घरांत हीच वही पुढे प्रवासाचा कार्यक्रम बनते. मग रोज तीनशे-चारशे किलोमीटर गाडी हाकायची, अंधार पडल्यावर मुक्कामी पोहोचायचे, सकाळी पुन्हा निघायचे. चौथ्या दिवशी मुले चिडचिडी होतात, सहाव्या दिवशी चालकाचे डोळे मिटू लागतात. अनोळखी, वळणावळणाच्या रस्त्यावर मिटलेल्या डोळ्यांची किंमत काय असते, हे सांगण्याची गरज नाही.

नकाशा फसवतो

न्यूझीलंडचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडे कमीच. लोकसंख्या मात्र जेमतेम ५३ लाखांच्या आसपास. त्यामुळे ‘छोटा देश, रिकामे रस्ते, पंधरवड्यात उरकेल,’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा देश लांबट आहे. उत्तर बेटाच्या टोकावरील केप रेईंगापासून दक्षिण बेटाच्या तळाशी असलेल्या ब्लफपर्यंत जाणारा राज्य महामार्ग क्रमांक एक दोन हजार किलोमीटरहून लांब आहे. मोठी शहरे सोडली की ‘महामार्ग’ म्हणजे बहुतेक ठिकाणी जाण्यायेण्याची एकेक पट्टी असलेला साधा रस्ता. तो डोंगर चढतो, नदीकाठाने वळसे घेतो आणि मधूनच एका वेळी एकच गाडी जाऊ शकेल अशा पुलावर येतो.

खुल्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असते, पण ती मर्यादा आहे, सरासरी नव्हे. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड हे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे आणि कुठेही न थांबता जायलाच जवळजवळ चार तास लागतात. परतीचे चार, वाटेत थांबण्याचे दोन आणि नौकाविहाराचे दोन धरले की बारा तास झाले! म्हणून नकाशात दिसेल त्या वेळात निदान एक तृतीयांश वेळ वाढवून धरावा. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त चालवायचे नाही आणि लागोपाठ दोन दिवस लांबचा पल्ला ठेवायचा नाही, एवढे दोन नियम पाळले तरी पस्तीस ठिकाणांची यादी आपोआप पंधरावर येते.

केव्हा जावे?

तिथले ऋतू आपल्या उलट. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, जून ते ऑगस्ट हिवाळा. नाताळ ते जानेवारीअखेर हा तिथल्या लोकांचाही सुटीचा काळ असल्याने खोल्या आणि गाड्या महाग असतात व लवकर संपतात. पण तेव्हा दक्षिणेत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, हा मोठा फायदा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुटीत तिथे हिवाळा दाराशी आलेला असतो, दिवस लहान झालेले असतात आणि डोंगरी रस्त्यांवर बर्फाची धास्ती सुरू होते.

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. त्यामुळे आपल्या कुटुंबाला एप्रिल सोयीचा. त्या वेळी तिथे शरद ऋतू असतो आणि क्वीन्सटाउनजवळच्या ॲरोटाउनमधील झाडे पिवळी-तांबडी होऊन उठतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे घेतली जातात. त्यानंतर सहा-साडेसहाला अंधारू लागते, हे लक्षात ठेवून मुक्काम गाठावा. ईस्टर आणि शाळांची सुटीही याच सुमारास येते, म्हणून आरक्षण आधीच करावे.

एक नमुना कार्यक्रम

वेळ दोनच आठवडे असेल तर एकच बेट निवडावे, हे उत्तम. डोंगर, तळी आणि हिमनद्या हव्या असतील तर दक्षिण बेट. तीन आठवड्यांहून अधिक वेळ असेल तरच दोन्ही बेटे. बावीस रात्रींचा आराखडा असा करता येईल :

ऑकलंड २ रात्री, रोटोरुआ २, टाउपो २, वेलिंग्टन २, कैकौरा २, क्राइस्टचर्च १, टेकापो २, क्वीन्सटाउन २, टे आनाउ २, वनाका १, फ्रान्झ जोसेफ २, होकिटिका १ आणि शेवटी पुन्हा क्राइस्टचर्च १.

एकूण अंतर तीन ते साडेतीन हजार किलोमीटर. म्हणजे दिवसाला सरासरी दीडशे.

ऑकलंडच्या दोन रात्री शहर पाहण्यासाठी कमी आणि झोपेसाठी अधिक आहेत. भारतातून विमान बदलून तिथे पोहोचायला बराच वेळ लागतो. शिवाय तिथले घड्याळ आपल्या साडेसहा ते साडेसात तास पुढे. विमानतळावर गाडी ताब्यात घेऊन थेट दोनशे किलोमीटर हाकणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. पहिले दोन दिवस गाडी घेऊच नये.

रोटोरुआला जाताना वाइटोमोच्या गुहेत काजव्यांसारखे चमकणारे किडे पाहता येतात. रोटोरुआत जमिनीतून वाफा आणि उकळता चिखल वर येतो, हवेत गंधकाचा वास असतो. टाउपो हे देशातील सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या दक्षिणेला टोंगारिरो हे १८८७ साली स्थापन झालेले, न्यूझीलंडमधील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे.

वेलिंग्टनहून पिक्टनला जाणारी फेरीबोट कुकची सामुद्रधुनी साडेतीन तासांच्या आसपास ओलांडते. वारे जोराचे असले की फेरी रद्दही होते, म्हणून त्या दिवशी पुढे काहीही ठरवू नये. गाडी बोटीवर न्यायला परवानगी आहे की एका बेटावर सोडून दुसऱ्या बेटावर नवी घ्यायची, हे भाड्याचा करार करतानाच विचारावे.

कैकौराला देवमासे. टेकापोला निळसर दुधी पाण्याचे तळे, १९३५ सालचे दगडी चर्च आणि रात्री ताऱ्यांनी भरलेले आकाश. हा परिसर २०१२ पासून ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ आहे. तिथूनच एका दिवसात ३,७२४ मीटर उंचीच्या ओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी जाऊन येता येते. मिलफर्ड साउंडसाठी क्वीन्सटाउनऐवजी टे आनाउला राहावे. तिथून अंतर १२० किलोमीटरच उरते. आजींसह सर्वांनी बसने जावे हेही उत्तम, म्हणजे वडिलांनाही खिडकीबाहेर पाहता येईल. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस पाहिलेल्यांना कल्पना येईल. पण पाऊस पडला तर हिरमुसू नये, कारण त्याच दिवशी कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळतात.

गाडी कोणती?

घर असलेली गाडी, म्हणजे कॅम्परव्हॅन, चित्रात फार मोहक दिसते. स्वयंपाक करता येतो, सामान रोज उतरवावे लागत नाही. परंतु ती मोठी असते, वाऱ्यात हेलकावते, आणि पहाटेच्या थंडीत आजींना तिच्यात राहणे सोसेल का, याचा विचार हवा. वाटेल तिथे ती उभी करून झोपता येत नाही. शौचालयाची सोय असलेल्या प्रमाणित गाड्यांसाठीही जागांचे नियम आहेत. सरकारच्या संवर्धन खात्याची दोनशेहून अधिक शिबिरस्थळे मात्र आहेत. डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे वेगळा रस्ता-कर पडतो, तोही हिशेबात धरावा.

चौघांच्या कुटुंबाला साधी ऑटोमॅटिक मोटार आणि स्वयंपाकघर असलेली मोटेल ही जोडी अधिक आरामाची. विम्याचा करार शांतपणे वाचावा. अपघात झाल्यास पहिले किती डॉलर स्वतः भरायचे आणि कोणत्या रस्त्यांवर विमा लागूच नाही, हे त्यात असते. नाइंटी माइल बीचची वाळू आणि क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड ही अशा रस्त्यांची नेहमीची उदाहरणे.

डावीकडूनच, पण तरीही वेगळे

तिथेही आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात. इंग्रजीत छापलेला वैध भारतीय परवाना पाहुण्यांना तिथे चालतो. तो मूळ स्वरूपात जवळ हवा. मात्र ‘डावी बाजू’ सारखी म्हणून सवयीही चालतील, असे समजू नये. लाल दिव्याला ‘फ्री लेफ्ट’ नाही. चौकातल्या गोल वर्तुळावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. आपल्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर पुढच्या गाडीला मागे टाकायचे नाही. एकेरी पुलावर लाल कडा असलेली गोल पाटी दिसली तर थांबायचे, निळी चौकोनी पाटी असेल तर पहिला हक्क आपला. तरीही समोर पाहूनच निघायचे. मागे गाड्यांची रांग लागली तर सुरक्षित जागा पाहून बाजूला व्हायचे. तिथे हे सौजन्य अपेक्षित असते. पट्टा सर्वांना बंधनकारक आहे आणि सात वर्षांखालील मुलांना मान्यताप्राप्त बालआसन लागते. हातात फोन धरून चालवणे गुन्हा आहे.

हास्ट आणि मिलफर्डच्या बाजूला मोबाइल दीर्घकाळ बंद राहतो. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि टे आनाउ सोडण्यापूर्वी पेट्रोलची टाकी भरावी. डोंगरात किया नावाचे हिरवे पोपट गाडीच्या रबरी पट्ट्या ओढून काढतात. मुलीला गंमत वाटेल, पण त्यांना खायला मुळीच देऊ नये.

डब्यातले लाडू

आजींची पिशवी हा खरा नाजूक विषय! बेसनाचे लाडू, भाजणी, गोडा मसाला, लोणचे. न्यूझीलंड शेतीवर जगणारा देश आहे आणि बाहेरची कीड, बियाणे, रोग यांबाबत अतिशय कडक आहे. प्रत्येक खाद्यपदार्थ आगमनाच्या वेळी जाहीर करावा लागतो. लपवलेला एखादा पदार्थ सापडला तर जागेवरच ४०० डॉलर दंड होतो, मग तो विसरून राहिलेला असला तरी. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात. मध नेऊच नये. बुटांना चिखल असेल तर घासून धुवावा, तोही तपासतात. तिथे गेल्यावर खाण्याची चिंता नाही. २०२३ च्या जनगणनेनुसार न्यूझीलंडमध्ये २ लाख ९२ हजारांहून अधिक भारतीय वंशाचे लोक आहेत आणि शहरांतून डाळ, तांदूळ, पीठ सहज मिळते. व्हिसा आधी काढावा लागतो. अभ्यागत शुल्क १ ऑक्टोबर २०२४ पासून माणशी १०० डॉलर झाले आहे.

रस्ता बंद झाला तर?

ही भूमी जिवंत आहे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी कैकौराला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि किनाऱ्याचा महामार्ग डिसेंबर २०१७ पर्यंत बंद राहिला. वाहतूक डोंगरातल्या लेविस खिंडीतून वळवावी लागली. मार्च २०१९ मध्ये पुराने फ्रान्झ जोसेफजवळचा पूल वाहून नेला. म्हणून आराखड्यात दोन रात्री तरी अशा ठिकाणी ठेवाव्यात की वेळ पडली तर त्या कापता येतील. रोज सकाळी रस्त्यांची स्थिती पाहूनच किल्ली फिरवावी. तातडीचा क्रमांक १११.

अपघातात दुखापत झाल्यास तिथली सरकारी योजना पाहुण्यांच्याही उपचारांना मदत करते. पण आजारपण, रद्द झालेला प्रवास किंवा मायदेशी परत आणण्याचा खर्च तीत येत नाही. आजी बरोबर असताना प्रवासविम्यावर काटकसर करणे शहाणपणाचे नाही.

आता पुन्हा ती वही उघडावी. प्रत्येकाने आपले एकच ठिकाण निवडावे, ज्यावाचून सफर अपुरी वाटेल. मुलीचे तळे, वडिलांची हिमनदी, आईचा देवमासा. या तिन्हींभोवती मुक्काम बांधावेत आणि बाकीच्यांवर निर्धास्तपणे काट मारावी. राहिलेली ठिकाणे तिथेच असतील. आणि आजींचे मागणे? बावीसपैकी अठरा रात्री एकाच जागी दोन-दोन काढायच्या आहेत. तेव्हा टेकापोच्या काठी एका सकाळी गाडीची किल्ली खिशातच राहील, चहा निवांत होईल आणि त्या दिवशी कुणालाही सामान बांधावे लागणार नाही.