अल्पानुभवी वैमानिकांचे दुहेरी इंजिन व टर्बाइन विमानांवरील उड्डाण-तास : वऱ्हाडाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दिनांक 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीनजीक बेलोरा येथील विमानतळाचे उद्घाटन होऊन मुंबईसाठी नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्यापूर्वीच, जुलै 2024 मध्ये, एअर इंडियाने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या सहकार्याने बेलोरा येथे वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा केली होती. दरवर्षी 180 वैमानिक घडविण्याचे तिचे उद्दिष्ट सांगण्यात आले. साहजिकच वैमानिक होण्याविषयीची विचारणा आता वऱ्हाडातील महाविद्यालयांतही होऊ लागेल. प्रवेश, शुल्क व कर्ज यांची माहिती पालक मिळवतातच. परंतु परवाना हाती पडल्यानंतरचा जो टप्पा खरा अवघड असतो, त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. हा टप्पा म्हणजे उड्डाण-तासांचा. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

तासांचे स्वरूप :

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी 100 तास प्रमुख वैमानिक या नात्याने पूर्ण करावे लागतात. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्याची अट 1500 तासांची आहे. या दोन आकड्यांमधील 1300 तासांचे अंतर कसे कापावयाचे, हाच नवोदितापुढील प्रश्न होय.

शिवाय सर्व तासांचे मोल सारखे नसते. प्रशिक्षणातील बहुतांश उड्डाण एकाच पिस्टन इंजिनाच्या लहान विमानावर होते. दुहेरी इंजिनाच्या विमानावर साधारणतः 15 तासांच्या आसपासच अनुभव मिळतो, आणि टर्बाइन विमानावर तर बहुधा एकही तास मिळत नाही. नोकरी देणारी संस्था व तिची विमा कंपनी मात्र नेमक्या याच दोन रकान्यांकडे पाहतात.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. एअर इंडियाने प्रशिक्षणासाठी 34 विमानांची मागणी नोंदविली. त्यांत पायपर कंपनीची 31 एकइंजिनी व डायमंड कंपनीची 3 दुहेरी इंजिनाची विमाने आहेत. ही विमाने जेट ए-1 या इंधनावर चालतात, म्हणून ती टर्बाइन विमाने असावीत असा अनेकांचा समज होतो. वास्तविक त्यांची इंजिने डिझेल पद्धतीची, म्हणजे पिस्टनचीच आहेत. इंधन जेटचे असले तरी उड्डाण नोंदवहीत ते तास टर्बाइनच्या रकान्यात जात नाहीत. याउलट मुंबई-अमरावती मार्गावर आलेले एटीआर 72 हे विमान पंख्याचे दिसत असले तरी त्याची दोन्ही इंजिने टर्बाइनचीच आहेत.

दुसऱ्या इंजिनाचे महत्त्व :

दोन इंजिने असली की विमान दुप्पट सुरक्षित, असे सामान्यतः मानले जाते. मात्र एक इंजिन बंद पडताच चालू इंजिनाचा जोर विमानाला एका बाजूस वळवू लागतो. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर सुकाणू पूर्ण दाबूनही दिशा सावरता येत नाही व विमान उलटण्याचा धोका संभवतो. निम्मी शक्ती गेली तर वर चढण्याची क्षमता निम्म्याहून कितीतरी अधिक घटते. वऱ्हाडात याला उन्हाळ्याची जोड मिळते. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या घरात जातो, तापलेली हवा विरळ होते, आणि पंख व इंजिन दोहोंची कार्यक्षमता उतरते. म्हणूनच येथील दुपारचे उड्डाण व सकाळचे उड्डाण यांत नोंदवहीत काही फरक नसला तरी शिकण्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

उपलब्ध मार्ग :

अमेरिकेत नवोदित वैमानिक प्रशिक्षक होतात, शेतांवर फवारणी करतात, ग्लायडर ओढतात, पॅराशूटधारकांना वर नेतात. तेथे 2009 च्या बफेलोजवळील विमान अपघातानंतर 2013 पासून प्रवासी कंपन्यांतील सहवैमानिकासही सर्वसाधारणपणे 1500 तासांची अट लागू झाली. भारतात असे मधले उद्योग अत्यल्प आहेत. येथे 200 तासांचा वैमानिक विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग घेऊन थेट एटीआर वा एअरबसच्या उजव्या आसनावर बसू शकतो, व तेथेच त्याचे दुहेरी इंजिनाचे व टर्बाइनचे तास एकाच वेळी वाढतात. मार्ग जवळचा खरा, पण दार अरुंद. निवड झाली नाही तर लाखो रुपये आणखी खर्चून टाइप रेटिंग घ्यावे की थांबावे, हा पेच उभा राहतो. सिम्युलेटरवरील तास प्रत्यक्ष उड्डाणाचे तास म्हणून धरले जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

दुसरा मार्ग सहायक उड्डाण प्रशिक्षकाचा. नागपूर, गोंदिया, बारामती, शिरपूर ही प्रशिक्षणाची केंद्रे महाराष्ट्रातच आहेत. यातून प्रमुख वैमानिकाचे तास झपाट्याने वाढतात, मात्र ते बहुधा एकइंजिनीच राहतात. दुहेरी इंजिनाच्या विमानावरील प्रशिक्षकपद मिळाल्यास गोष्ट वेगळी. तिसरा मार्ग भाड्याच्या व रुग्णवाहू विमानसेवांचा होय. किंग एअरसारख्या छोट्या टर्बोप्रॉप विमानावर सहवैमानिक म्हणून काम मिळाल्यास वर्षाकाठी तास कमी होतात, पण लहान धावपट्ट्या व बदलते हवामान यांचा अनुभव मिळतो. या नोकऱ्या जाहिरातीपेक्षा ओळखीने अधिक मिळतात, हे कटू असले तरी सत्य आहे.

चौथा मार्ग मार्ग नव्हेच. 2011 साली देशात बनावट गुणपत्रिका व खोट्या उड्डाण-नोंदींची प्रकरणे उघडकीस आली आणि काहींना अटकही झाली. वैमानिकांच्या बोलीत अशा न उडविलेल्या तासांना उपहासाने ‘पार्कर पेनचे तास’ म्हटले जाते.

वऱ्हाडातील स्थिती :

बेलोऱ्याची धावपट्टी 1850 मीटरची झाली, म्हणून तेथे एटीआर उतरू शकले. अकोल्यातील शिवणीचा विमानतळ 1943 पासूनचा, म्हणजे कितीतरी जुना. परंतु त्याच्या धावपट्टीच्या विस्तारीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. प्रशिक्षणाच्या लहान विमानांना एवढी लांबी लागत नाही. विद्यार्थ्याच्या दूरपल्ल्याच्या एकट्याच्या उड्डाणात वेगवेगळ्या विमानतळांवर उतरणे सक्तीचे असते, आणि त्यासाठी अशी जवळची धावपट्टी उपयोगी ठरू शकते. टर्बाइनचे तास मात्र जेथे प्रवासी वा भाड्याची विमाने वावरतात तेथेच मिळतात.

या शिक्षणाचा खर्च 40 ते 50 लाख रुपयांच्या घरात जातो आणि वऱ्हाडातील मध्यमवर्गीय कुटुंबात तो बहुधा शेत वा घर तारण ठेवून उभा केला जातो. परवाना मिळाल्यावर हप्ते सुरू होतात, नोकरी मात्र सुरू झालेली नसते. त्या काळात उड्डाणाचा सराव टिकविणे व उपकरण-उड्डाणाच्या चाचण्या ठरावीक मुदतीने पुन्हा देणे यासाठी वेगळा पैसा लागतो. तेव्हा प्रवेशाच्या वेळी संस्थेला विचारावयाचा पहिला प्रश्न शुल्काचा नसून, दुहेरी इंजिनाची किती विमाने प्रत्यक्ष उडत्या स्थितीत आहेत व मागील तुकडीतील किती जणांना परवान्यानंतर वर्षभरात उजवे आसन मिळाले, हा असावा.