कुशाग्र बालकांसाठी एक फळा

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीइतके शिकावयास मिळणे, ही त्यापुढील स्वाभाविक पायरी होय. वर्गात सर्वांआधी गणिते सोडवून स्वस्थ बसणाऱ्या मुलाकडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते आणि आव्हानाअभावी त्याची जिज्ञासा मावळते. शिष्यवृत्ती परीक्षेने अशी मुले हेरता येतात. परंतु सरावाच्या प्रश्नपत्रिका म्हणजे बुद्धीचे संवर्धन नव्हे.

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वाराणसीतील घरी त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार फळ्यावर गणिताचे एखादे आव्हान लिहून ठेवीत. शाळकरी जयंताने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते तसेच राही. उत्तर सांगण्याची घाई नसे.

हा उपक्रम जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेस परवडेल. फळ्याच्या कोपऱ्यात आठवड्यास एक प्रश्न पुरे. मैदानातील काठीची माध्यान्हीची सावली मे व ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात एकेक दिवस नाहीशी का होते? पंचगंगेची पातळी पावसाळ्यात कोणत्या दिवशी सर्वाधिक वेगाने चढली? मुलांनी मोजावे, नोंदवावे, आलेख काढावा. ग्रामपंचायतीने संदर्भपुस्तके पुरवावीत.

प्रश्न मात्र सर्वांना खुला असावा. गुणपत्रिकेत न दिसलेली बुद्धिमत्ता कित्येकदा अशा फळ्यापुढेच प्रथम प्रकट होते.