एमबीए सीईटी देताय? मॉक लावा!

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत शिफ्ट करून एमबीए सीईटीची तयारी करणाऱ्यांनो, जाडजूड गाइडं जरा बाजूला ठेवा. 200 प्रश्न, 150 मिनिटं. म्हणजे प्रश्नामागे 45 सेकंद. तर्क 75, आकृत्या 25, गणित 50, इंग्रजी 50. निम्मा पेपर तर्क आणि आकृत्यांचा, आणि आपण बसतो गणितालाच कवटाळून!

निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. कॅटमध्ये मात्र पर्याय चुकला की एक गुण जातो. दोन्ही देणाऱ्यांनी मॉकही वेगवेगळेच द्यावेत.

लोकलमध्ये मोबाइलवर सोडवलेला मॉक मी धरतच नाही. (कर्जत फास्टमध्ये खिशातून मोबाइल काढता आला तरी खूप.) परीक्षा कॉम्प्युटरवर असते. आकृतीतला बाण फिरला की कागद फिरवून बघायची सोय नाही, डोक्यातच फिरवावा लागतो. सुट्टीच्या दिवशी सलग अडीच तास बसा, फोन दुसऱ्या खोलीत.

मग खरं काम: बरोबर आलेले, पण दोन-दोन मिनिटं खाल्लेले प्रश्न शोधा. त्यात बैठकव्यवस्थेचे प्रश्न सगळ्यांत लबाड. पहिली अट चुकीची मांडली की त्या संचातले सगळेच गेले!