टण नको, ठक् हवं!

गाडीतच घर थाटायचं म्हणताय? मग पडदे आणि फेअरी लाइट्स नंतर बघू. आधी पत्र्याकडे बघा.

रीलमधली कॅम्परव्हॅन कशी असते? मागचं दार उघडं, समोर समुद्र, हातात कॉफी. रीलमध्ये काय नसतं? मे महिन्यात तापलेला टप, घाटात खडखडणारा पत्रा आणि रात्री अडीचला शेजारून धडधडत जाणारा ट्रक. जुनी ईको किंवा ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करायचा प्लॅन असेल, तर आवाज आणि उष्णता यांचा बंदोबस्त हे पहिलं काम. ते प्लायवूडच्या आत झाकलं जातं. चुकलं, तर सगळं फर्निचर उचकटावं लागतं.

आधी आरटीओ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातली माहिती बदलेल असे फेरफार परवानगीशिवाय करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हे ठणकावून सांगितलंय. सीटं काढायची, टप कापून खिडकी बसवायची तर करवत हातात घेण्याआधी आरटीओत चौकशी करा. नाहीतर अपघात झाल्यावर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

आवाज कुठून येतो?

रिकाम्या गाडीच्या आतल्या पत्र्यावर बोटाने टकटक करा. ‘टण’ असा घुमणारा आवाज आला, तर तो पत्रा थरथरतोय. तिथे ब्यूटाइल रबरची डॅम्पिंग शीट चिकटवायची. ती आवाज अडवत नाही, पत्र्याची थरथर मारते. म्हणून सगळी गाडी मढवायची गरज नाही. प्रत्येक मोठ्या पत्र्याच्या मधोमध, पाव ते एक तृतीयांश भाग झाकला तरी ‘टण’चं ‘ठक्’ होतं. पैसेही वाचतात आणि वजनही. पत्रा आधी स्वच्छ पुसा आणि शीटवर रोलर दाबून फिरवा. स्वस्तातली डांबरी शीट मात्र टाळा. विदर्भातल्या उन्हात ती मऊ पडते आणि वास सोडते.

उरलेला आवाज फटींतून येतो. दाराचं रबर कडक झालं असेल, तर ते बदला. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक बहुतेकदा इथेच पडतो. एक लक्षात ठेवा, दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. व्हॅनचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होणार नाही, पण झोप नक्की लागेल.

उन्हाचं काय?

डॅम्पिंग शीट ऊन अडवत नाही. त्यासाठी वेगळा थर लागतो. एसीच्या डक्टवर गुंडाळलेला काळा नायट्राइल फोम पाहिलाय ना? तोच. त्यात बंद हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. लोखंडी पत्रा अशा फोमच्या हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणून पहिला मान टपाला द्या. चकचकीत फॉइल हवं असेल, तर त्याच्यासमोर हवेची पोकळी सोडा. दोन थरांत दाबून बसवलं, तर ते काहीच परतवत नाही. काचांवरची चकचकीत शेड बाहेरून लावली तर जास्त उपयोगी, कारण ऊन काचेतून आत शिरण्याआधीच अडतं.

पाणी आणि गंज

झोपेत श्वासातून आणि घामातून एका माणसाचं कपभर तरी पाणी हवेत जातं. महाबळेश्वरच्या थंडीत ते गार पत्र्यावर जमतं. कोकणातल्या पावसाची ओल वेगळीच. पाणी शोषणारा स्पंज किंवा ग्लासवूल पत्र्याला लावलं, की आतून गंज धरायला सुरुवात. म्हणून बंद कप्प्यांचा फोम घ्या. गंजलेली जागा आधी घासून प्रायमर मारा. दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती बुजवू नका. फुगणारा पीयू स्प्रे दारात मारायचा मोह तर नकोच. तो हीच भोकं बंद करतो आणि पातळ पत्रा वाकवतो.

आणखी एक. फोम विकत घेताना तो आगीत कसा वागतो ते विचारा. उघडा थर्माकोल, शेजारी शेगडी आणि जुनं वायरिंग, ही जोडी जीवघेणी आहे.

हवा खेळती ठेवा

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही जितक्या फटी बुजवाल, तितकी गाडी हवाबंद होत जाईल. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणं, आत शेगडी पेटवणं किंवा उबेसाठी कोळसा ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. त्यामुळे इन्सुलेशनच्या बजेटमध्येच टपावरचा व्हेंट फॅन आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म धरा. झोपताना दोन बाजूंच्या खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा, जाळी लावा आणि इंजिन बंद करा.

त्या दोन बोटांतून थोडा आवाज आत येईल. येऊ द्या.