खेळासाठीं मोठा टेलिव्हिजन कसा निवडावा?

मागें एका दिवाळींत माझ्या भगिनीच्या घरीं पासष्ट इंची टेलिव्हिजन आला. भाच्याचा बेत असा होता कीं, आपला संगणक त्या पडद्यास जोडावयाचा आणि मोटारींच्या शर्यतींचे खेळ त्यावर खेळावयाचे. संचाच्या पेटीवर ठळक अक्षरांत '१२०' हा आकडा छापलेला होता व त्या आकड्याच्या भरंवशावर मेव्हण्यांनीं वर्षभराची शिल्लक खर्ची घातली. संगणक जोडला, खेळ सुरू झाला. परंतु मोटार वळणावर आली कीं चित्र दचके खाऊं लागे. भाच्यानें संगणकाची मांडणी उघडून पाहिली, तों तेथें '६०' या आकड्यावरचा आकडा निवडण्याची सोयच नव्हती. "मामा, पेटीवर तर एकशेंवीस लिहिलें आहे!" असें म्हणून तो माझ्या तोंडाकडे पाहूं लागला. दुकानदारानें संच परत घेण्याचें साफ नाकारिलें. पेटीवर जें छापलें होतें तें त्याच्या मतें खोटें नव्हतें. आणि आश्चर्य असें कीं, शब्दशः पाहतां तें खोटें नव्हतेंच!

असा प्रसंग आपल्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं येऊं नये, म्हणून त्या आकड्याचा अर्थ येथें थोडा उलगडून सांगतों. हट्ट मुलांचा असला तरी पैसा वडिलांचा असतो. तेव्हां दोघांनींहि हें वाचावें.

पडद्यावर जी हालचाल दिसते ती मुळांत हालचाल नव्हेच. स्थिर चित्रें एकामागून एक इतक्या त्वरेनें दाखविलीं जातात कीं, डोळा त्यांची सांखळी स्वतःच जुळवितो. पडदा एका सेकंदांत जितक्या वेळां चित्र बदलूं शकतो, त्या संख्येस रिफ्रेश रेट म्हणतात, व ती हर्ट्झ या परिमाणानें सांगतात. साठ हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजारांश भाग, टिकतें. १२० हर्ट्झवर ८.३, १४४ हर्ट्झवर ६.९. येथें थोडा हिशेब करून पाहावा. साठावरून एकशेंवीसावर गेल्यानें प्रत्येक चित्रामागें आठांहून अधिक मिलिसेकंद वांचतात. एकशेंवीसावरून एकशें चव्वेचाळीसावर गेल्यानें वांचतात ते जेमतेम दीड. म्हणून पहिल्या पायरीसाठीं चार पैसे अधिक मोजणें शहाणपणाचें आहे. दुसरीसाठीं मोजावे कीं नाहीं, हें ज्याच्या त्याच्या खिशानें ठरवावें.

आतां पेटीवरील आकड्याकडे वळूं. पडद्याची स्वतःची शक्ति साठच असतांना, पडद्यामागील दिव्याची उघडझाप आणि दोन चित्रांमध्यें संचानें स्वतः केलेली भर हीं हिशेबांत धरून कांहीं कारखानदार 'मोशन रेट' किंवा तत्सम नांवाचा एक फुगलेला आकडा छापतात. आमच्या भाच्यास भेटला तो हाच आकडा. दुसरीहि एक युक्ति आहे. कांहीं पडदे १२० हर्ट्झ खरोखर दाखवितात, परंतु त्या वेळीं आडव्या ओळी निम्म्या करून! चित्र चपळ होतें, पण अक्षरें ओबडधोबड दिसतात. म्हणून दुकानांत प्रश्न विचारावा तो असाः "पूर्ण ३८४० बाय २१६० ठिपक्यांवर, संगणकाकडून येणारीं १२० चित्रें हा पडदा दर सेकंदास दाखवितो काय?" याचें उत्तर एका शब्दांत मिळालें नाहीं, तर पुढच्या दुकानाची वाट धरावी.

बरें, पडदा खरा निघाला तरी काम संपत नाहीं. चित्र संगणकांतील ग्राफिक्स कार्डांत जन्म घेतें, तेथून तारेंतून प्रवास करतें, संचाच्या खांचेंतून आंत शिरतें आणि मग पडद्यावर उमटतें. या सांखळींतील एक कडी दुबळी असली कीं सगळी सांखळी तितकीच दुबळी. हें कसें, तें साध्या गुणाकारानें दाखवितां येतें. ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारें ८३ लक्ष ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट लागतात. असें चित्र सेकंदास १२० वेळां पाठवावयाचें म्हटलें तर सुमारें २४ अब्ज बिट दर सेकंदास वाहून न्यावे लागतात. एचडीएमआय नांवाच्या जोडणीच्या २.० या आवृत्तीची कमाल मर्यादा १८ अब्जांची. म्हणजे त्या खांचेंतून हें चित्र सबंध जाणें शक्यच नाहीं. मग तार कितीहि महागाची घ्या! २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या २.१ या आवृत्तीनें ती मर्यादा ४८ अब्जांवर नेली, तेव्हां कोठें ही वाट मोकळी झाली.

परंतु येथेंहि एक मेख आहे. 'एचडीएमआय २.१' असें लिहिलेल्या संचांत त्या आवृत्तीचे सर्व गुण असलेच पाहिजेत असें बंधन नाहीं. बरेचसे गुण ऐच्छिक आहेत. शिवाय कित्येक संचांना चार खांचा असल्या तरी त्यांपैकीं दोनच पूर्ण वेगाच्या असतात, आणि त्या दोहोंपैकीं एक ध्वनियंत्र जोडण्याच्या कामीं येते. घरांत एक खेळयंत्र, एक संगणक व एक ध्वनियंत्र असेल तर तिघांत दोन खांचांची वांटणी करणें आलें. तेव्हां संचाच्या माहितीपत्रकांत खांचांचा क्रमांक व प्रत्येकीचा वेग नीट वाचून घ्यावा.

संगणकाच्या बाजूनेंहि तीच सावधगिरी हवी. एनव्हिडियाच्या ३० मालिकेपासून, म्हणजे सप्टेंबर २०२० पासून, आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून, म्हणजे त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून, खेळाच्या ग्राफिक्स कार्डांवर ही नवी खांच आली. त्यापूर्वींच्या कार्डांना १८ अब्जांचीच सीमा होती. तार घेतांना 'अल्ट्रा हाय स्पीड' अशी मोहोर व तपासणीचें चौकोनी चिन्ह पाहावें. तांब्याची तार तीन मीटरांच्या आंत असावी, तीहून लांब न्यावयाची झाल्यास प्रकाशतंतूंची घ्यावी, आणि तिचें कोणतें टोंक संगणकाकडे लावावयाचें तें वाचून लावावें.

ही सोय पूर्वीं किती दुर्मीळ होती याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१८ च्या जानेवारींत एनव्हिडियानें खास संगणकी खेळांसाठीं पासष्ट इंची, १२० हर्ट्झचे पडदे निघणार असल्याची घोषणा केली. पुढील वर्षीं एचपी कंपनीनें त्या जातीचा 'ओमेन एक्स एम्पेरियम' विक्रीस आणला. किंमत ४,९९९ डॉलर! त्याच २०१९ सालीं एलजी कंपनीच्या साध्या घरगुती ओलेड टेलिव्हिजनांना २.१ ची खांच मिळाली, आणि तो खास पडदा घेण्याचें कारणच बहुतेकांस उरलें नाहीं. आज तर १४४ हर्ट्झचे टेलिव्हिजन अनेक कारखाने काढतात. आपल्या देशांत बत्तीस इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तु-सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ वर आला, हेंहि ग्राहकाच्या पथ्यावर पडलें.

वेगाइतकीच महत्त्वाची, पण पेटीवर कधींहि न छापलेली एक गोष्ट म्हणजे विलंब. टेलिव्हिजन हा स्वभावतः सिनेमाचा मित्र. आलेलें चित्र तो घांसून-पुसून, रंग चढवून मग दाखवितो. त्यांत कित्येक संचांना शंभर मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. सिनेमा पाहणारास त्याचें कांहींच नाहीं. परंतु खेळाडूनें ब्रेक दाबल्यावर मोटार इतकी उशिरां थांबली तर ती खड्ड्यांतच जावयाची. यावर उपाय फुकटचा आहे. संचांत 'गेम मोड' नांवाची मांडणी असते. ती लावली कीं चांगल्या संचांत हा विलंब दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येतो.

दुसरा गुण 'व्हीआरआर' या अक्षरांनीं ओळखला जातो. ग्राफिक्स कार्ड नेहमींच एकसारख्या गतीनें चित्रें काढीत नाहीं; मोकळें मैदान असतां तें सेकंदास ११० काढील, धूर व गर्दी आली कीं ७० वर येईल. पडदा मात्र आपल्या ठेक्यानें चालतो. चित्र रेखाटणें अर्ध्यावर आलें असतां नवें चित्र येऊन पोहोंचलें, तर वरचा भाग जुना व खालचा नवा असें फाटकें दृश्य दिसतें. व्हीआरआर असलेला पडदा कार्डासाठीं क्षणभर थांबतो. तबलजीनें गवयाच्या लयीशीं जुळवून घ्यावें तसा हा प्रकार. मात्र ही जुळवणी ठराविक मर्यादेंतच चालते; खालची हद्द पुष्कळदां ४० किंवा ४८ हर्ट्झ असते.

ज्यास त्याच पडद्यावर अभ्यासाचें लिखाणहि करावयाचें आहे त्यानें अक्षरांची परीक्षा अवश्य घ्यावी. सिनेमाच्या चित्रांत रंगांचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षां कमी ठेवितात. डोळ्यास तो फरक जाणवत नाहीं. पण संगणकाच्या निळ्या पार्श्वभूमीवर तांबडीं अक्षरें लिहून पाहा, तीं शाई फुटल्यासारखीं दिसतील. ज्या संचांत '४:४:४' प्रकारचें चित्र घेण्याची सोय आहे तेथें हा दोष राहत नाहीं. मात्र बहुधा त्या खांचेचें नांव संचाच्या मांडणींत 'पीसी' असें बदलावें लागतें. एवढ्याशा गोष्टीसाठीं डोळे चोळीत बसलेले लोक मीं पाहिले आहेत.

पडद्याच्या जाती मुख्यतः दोन. ओलेडमध्यें प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो व स्वतः विझतो. त्यामुळें काळा रंग निखळ काळा दिसतो आणि हालतें चित्र अत्यंत स्वच्छ राहतें. त्याचें वैगुण्य हें कीं, एकच आकृति तासन् तास एका जागीं राहिली तर तिचा डाग कायमचा उमटण्याची भीति असते. खेळांतील स्थिर आंकडे, संगणकाची खालची पट्टी, आणि आपल्या घरांत तर दिवसभर चालणाऱ्या बातम्यांच्या वाहिनीची ती न हलणारी चौकट! आजोबांच्या बातम्या व नातवाचे खेळ एकाच पडद्यावर व्हावयाचे असतील, तर मी तरी मिनी-एलईडीकडे झुकेन. त्यांत द्रवस्फटिकांच्या पडद्यामागें बारीक दिव्यांचे अनेक गट असतात. तो उन्हाच्या दिवाणखान्यांतहि झगझगीत दिसतो व डागाची चिंता नसते. मात्र काळ्या आकाशांतील चंद्राभोंवतीं थोडें खळें पडतें, आणि कित्येक संचांत बाजूस बसणारास रंग फिके दिसतात.

राहिला आकाराचा प्रश्न, आणि येथें टेप घेऊनच बसावें. सामान्य निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखतो. पासष्ट इंची पडदा सुमारें १४४ सेंटिमीटर रुंद. त्यावर एका ओळींत ३८४० ठिपके, म्हणजे एक ठिपका पाऊण मिलिमीटराच्या निम्मा. तो सुटा दिसावयास सुमारें १.३ मीटरांच्या आंत बसावें लागेल. आपल्याकडे कोच व भिंत यांत बहुधा दहा फूट, म्हणजे तीन मीटर, अंतर असतें. तेवढ्या अंतरावरून निम्म्या रुंदी-उंचीचें, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचें चित्रहि डोळ्यास जवळजवळ तितकेंच रेखीव वाटावयाचें! यांत खेळाडूचा मोठा लाभ आहे. कार्ड दमत असेल तर खेळांतील ठिपक्यांची संख्या २५६० बाय १४४० वर उतरवावी. डोळ्यास तोटा नाहीं आणि गति वाढते. उलट मेजावर हातभर अंतरावर ठेवावयाचा असेल तर पासष्ट इंच म्हणजे मान मोडून घेणें होय. तेथें बेचाळीस इंच पुरे. त्याच्या ठिपक्यांची दाटी सत्तावीस इंची १४४० ओळींच्या मॉनिटरइतकीच असते.

आमच्या भाच्याचें पुढें काय झालें? संच परत गेला नाहीं. आम्ही दोघांनीं एका रविवारीं बसून गेम मोड लावला, खेळाची गति साठावर बांधली, ठिपके १४४० ओळींवर आणिले. आणि दचके जवळजवळ नाहींसे झाले, कारण त्यांतील बरेचसे पडद्याचे नसून धापा टाकणाऱ्या कार्डाचे होते. परवां त्याच्या मित्राच्या घरीं टेलिव्हिजन घ्यावयाचा होता. दुकानांत जातांना तो स्वतःचा लॅपटॉप व मोहोरेची तार पिशवींत घालून घेऊन गेला, प्रत्येक संचास जोडून '३८४० बाय २१६०, १२०' ही ओळ दिसते कीं नाहीं तें पाहिलें, निळ्यावर तांबडीं अक्षरें लिहिलीं, आणि तिसऱ्या संचापाशीं येऊन मित्राच्या वडिलांस म्हणाला, "काका, हा चालेल."