इंटरनेटचा नवा पुरवठादार आणि दरांची चढउतार

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करावयाची, ही पद्धती रूढ झाली. सातबाराचा उतारा, हवामानाचा अंदाज, बाजार समितीतील भाव, अनुदानाचे अर्ज ही कामेही आता इंटरनेटवरून होतात. त्यामुळे बी-बियाणे व खते यांच्याप्रमाणे इंटरनेटचा खर्चदेखील शेतीच्या जमाखर्चात धरणे भाग आहे. हा खर्च कमी-अधिक का होतो आणि बाजारात नवा पुरवठादार उतरला म्हणजे दर का घसरतात, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतल्यास त्यांना शेतकऱ्यांना योग्य सल्ला देता येईल.

प्रथम या धंद्याचे स्वरूप पाहू. नदीवरील सहकारी उपसा जलसिंचन योजनेचे उदाहरण घ्यावे. पंपघर बांधणे, नळ टाकणे, विजेची जोडणी घेणे यांवर आरंभी मोठे भांडवल घालावे लागते. योजनेखाली दहा हेक्टर आले काय किंवा शंभर हेक्टर आले काय, त्या भांडवलाचे व्याज चुकत नाही. मात्र क्षेत्र वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा बोजा हलका होतो. इंटरनेटची गोष्ट अशीच आहे. मनोरे उभारणे, तारा पुरणे आणि सरकारकडून लिलावात रेडिओ लहरींचा पट्टा विकत घेणे यांत कोट्यवधी रुपये अडकतात. एकदा हे झाले की आणखी एका ग्राहकाला सेवा देण्यास फार थोडा खर्च येतो. म्हणून नव्या पुरवठादाराला पहिल्या दिवसापासून गर्दी हवी असते, आणि ती मिळविण्यासाठी तो तोटा सोसूनही दर पाडतो. जुन्या पुरवठादारांनाही मग दर उतरवावे लागतात. न उतरवावेत तर ग्राहक जातात, आणि मनोऱ्यांचा खर्च तर तसाच राहतो.

भारतात याचा सर्वांत ठळक प्रत्यय २०१६ साली आला. त्या वर्षी ५ सप्टेंबर रोजी जिओ या कंपनीने आपली सेवा सुरू केली. आवाजी संभाषणास वेगळा आकार नाही, असे तिने जाहीर केले आणि इंटरनेटही मार्च २०१७ अखेरपर्यंत विनामूल्य दिले. सहा महिन्यांच्या आत तिचे ग्राहक दहा कोटींवर गेले. केंद्र शासनाने दिलेल्या आकड्यांनुसार २०१४ साली एका जीबीस सरासरी २६९ रुपये पडत होते. पुढे हा दर नऊ-दहा रुपयांच्या आसपास आला. ही घट केवळ एका कंपनीच्या औदार्याने झाली, असे मानणे बरोबर नव्हे. चौथ्या पिढीचे तंत्र तेच मनोरे वापरून पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक माहिती वाहून नेते, हेही तितकेच मोठे कारण होय. परंतु स्पर्धा नसती तर तंत्राचा हा लाभ ग्राहकापर्यंत इतक्या लवकर पोचला नसता.

जुन्या कंपन्यांनी तक्रारी केल्या. भारतीय स्पर्धा आयोगाने मात्र जून २०१७ मध्ये, नव्याने आलेला पुरवठादार बाजारात वरचढ ठरत नाही, या मुख्य कारणास्तव एअरटेलची तक्रार फेटाळली. ग्राहकांच्या दृष्टीने हा सुगीचा काळ होता.

पुढे काय झाले, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एअरसेल २०१८ साली दिवाळखोरीत गेली. टेलिनॉरचा आणि नंतर टाटांचा मोबाईलचा धंदा एअरटेलमध्ये मिळाला. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया यांचे एकत्रीकरण झाले. जेथे पूर्वी आठ-दहा दुकाने होती, तेथे तीन खासगी आणि एक सरकारी दुकान उरले. त्यातच ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कंपन्यांवर जुन्या सरकारी देण्यांचा मोठा बोजा आला. डिसेंबर २०१९ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढविले. २०२१ च्या अखेरीस पुन्हा, आणि जुलै २०२४ मध्ये तिसऱ्यांदा. स्पर्धक कमी झाले की दर पुन्हा चढतात, याचा हा दाखला आहे. तरीही ते २०१६ पूर्वीच्या पातळीला पोचले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

आता हिशेब करून पाहावा. जुलै २०२४ मध्ये दररोज दीड जीबी देणारे जिओचे २८ दिवसांचे पाकीट २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेले. २८ दिवसांत ४२ जीबी मिळतात. म्हणजे जीबीमागे दर सुमारे ५ रुपये ६९ पैशांवरून ७ रुपये १२ पैसे झाला. आकडा लहान दिसतो. परंतु २८ दिवसांचा महिना धरल्यामुळे वर्षात बाराऐवजी तेरा पाकिटे घ्यावी लागतात. पूर्वी वर्षाला ३१०७ रुपये लागत, ते ३८८७ झाले. ७८० रुपयांची वाढ एका मोबाईलमागे! शिवाय जो शेतकरी २८ दिवसांत जेमतेम सहा जीबी वापरतो, त्याला जीबीमागे खरोखर पडणारा दर सात रुपये नसून सुमारे पन्नास रुपये आहे. न वापरलेले इंटरनेट रोजच्या रोज बुडते. जगातील स्वस्त इंटरनेट आपल्याकडे आहे, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ही बाब विसरली जाते.

आणखी एक प्रश्न गावोगावी विचारला जातो. आमच्या गावात एकाच कंपनीचा मनोरा आहे, मग स्पर्धेचा आम्हांला काय उपयोग? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. मोबाईलची पाकिटे सामान्यतः संपूर्ण परिमंडळात एकाच दराने विकली जातात, आणि मुंबई वगळून महाराष्ट्र व गोवा मिळून एक परिमंडळ आहे. म्हणून पुण्या-नाशकातील चढाओढीने उतरलेला दर दुर्गम पाड्यालाही मिळतो. सेवेचा दर्जा मात्र तसा मिळत नाही. लहरी येत नाहीत, वेग रडतो, आणि दुसरीकडे जाण्याची सोय नसल्याने पुरवठादाराला धास्ती नसते.

घरी तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडचे मात्र निराळे आहे. तेथे स्पर्धा गल्लीगल्लीची असते. जिओने सप्टेंबर २०१९ मध्ये ही सेवा ६९९ रुपयांपासून सुरू केली, वर्षभरात ३९९ रुपयांचे अमर्याद पाकीट आणले, आणि लगोलग एअरटेलने ४९९ रुपयांचे आणले (कर वेगळा). पण ज्याच्या दारापर्यंत एकाच पुरवठादाराची तार आली आहे, त्याला या चढाओढीचा लाभ फारसा होत नाही. भारतनेट योजनेची तार ग्रामपंचायतीपर्यंत आलेली व चालू असल्यास तिच्यावरून गावातील एखादा होतकरू तरुण घरोघर जोडण्या देऊ शकतो. ग्रामसभेत याची चौकशी अवश्य करावी.

सरकारी कंपनी बीएसएनएलने जुलै २०२४ मध्ये दर वाढविले नाहीत. त्या एका महिन्यात तिला सुमारे २९ लाख नवे ग्राहक मिळाले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. तिची चौथ्या पिढीची सेवा मात्र उशिरा, सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर अधिकृतपणे सुरू झाली. तेव्हा आपल्या शिवारात तिच्या लहरी कशा येतात, हे शेजाऱ्याच्या मोबाईलवर पाहूनच निर्णय घ्यावा. ज्यांच्याजवळ साधा मोबाईल आहे, त्यांनी इंटरनेटचे पाकीट घेण्याचे कारण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या नियमानुसार केवळ संभाषण व संदेश यांचे पाकीट प्रत्येक कंपनीने ठेवावयाचे आहे. दुकानदार ते आपण होऊन दाखवीलच असे नाही, मागून घ्यावे.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलावयाची असल्यास इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द व पुढे आपला क्रमांक लिहून १९०० वर संदेश पाठवावा. उत्तरादाखल येणारे सांकेतिक अक्षर-अंक चार दिवस चालतात. ते व ओळखीचा पुरावा घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस पूर्ण झालेले असावेत व बिलाची बाकी नसावी. एकाच परिमंडळात हे काम तीन कामाच्या दिवसांत होते. जुन्या पाकिटातील उरलेले दिवस व शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही. म्हणून पाकीट संपत आले असतानाच संदेश पाठवावा, आणि ई-पीक पाहणीच्या मुदतीचे अखेरचे दिवस चालू असताना हे काम काढू नये.