एका गुणाची गोष्ट

2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे तिरंदाज रिकाम्या हाताने परतले, तेव्हा आमच्या वर्गात एकच चर्चा होती. "आपला प्रथमेश का नव्हता? त्याला डावलला असणार!" कुणी राजकारण काढले, कुणी विदर्भावरच्या अन्यायाचा जुना विषय काढला. मी शाळेत असताना दोन वर्षे बांबूचे धनुष्य ओढलेले असल्यामुळे मला खरे कारण ठाऊक होते. पण सांगायला लागलो की मंडळी दुसऱ्याच मिनिटाला चहाकडे वळत. म्हणून हा लेख. वाचकाला निदान मध्येच उठून चहा मागवता येत नाही.

प्रथमेश समाधान जवकार हा आपल्या बुलढाण्याचा. ज्या गावाला अजून रेल्वे नाही, आगगाडी धरायची तर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते, त्या गावच्या 19 वर्षांच्या मुलाने मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. अंतिम फेरीत समोर होता नेदरलँड्सचा माइक श्लोसर, त्या वेळचा जगातील पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज. याच श्लोसरने 2015 साली बंदिस्त मैदानातील स्पर्धेत साठ बाणांत 600 पैकी 600 गुण मिळवले होते. त्याच्यापूर्वी हे कुणालाही जमले नव्हते. आपल्या पोराने त्याला 149 विरुद्ध 148 असे हरवले.

हा एक गुण म्हणजे नेमके काय, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. लक्ष्य 50 मीटरवर असते आणि त्याच्या मध्यभागी दहा गुणांचे जे वर्तुळ असते त्याचा व्यास अवघा 8 सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा. प्रत्येकाने तीन-तीन करून पंधरा बाण मारायचे. आळीपाळीने एकेक बाण, आणि प्रत्येक बाणाला वीस सेकंद. 149 म्हणजे पंधरांपैकी चौदा बाण त्या कपात आणि एकच किंचित बाहेर. श्लोसरचे दोन बाहेर गेले. क्रिकेटमध्ये एखादा झेल सुटला तरी पुढे शतक काढून भरपाई करता येते. इथे नऊचा बाण गेला की तो गेला, पुढचे सगळे दहाचे मारले तरी गेलेला गुण परत येत नाही. पाहणाऱ्याला हा खेळ कंटाळवाणा वाटतो हे मी मान्य करतो. खेळणाऱ्याचे मात्र काळीज घशात आलेले असते.

आता ऑलिंपिकचे कोडे. तिरंदाजीची धनुष्ये मुख्यतः दोन प्रकारची. एक रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले, रामायणाच्या चित्रातल्या धनुष्याचेच आधुनिक रूप. दीपिका कुमारी, तरुणदीप राय हे त्या धनुष्याचे. दुसरे कंपाउंड. अमेरिकेतील हॉलिस ऍलन याने 1960 नंतरच्या दशकात ते तयार केले आणि 1969 साली त्याला पेटंट मिळाले. याच्या दोन्ही टोकांना कप्प्या असतात. विहिरीवरच्या कप्पीसारख्याच, फक्त यांचा आकार पूर्ण गोल नसतो. त्यामुळे दोरी ओढताना सुरुवातीला सत्तावीस किलोपर्यंत जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर हातावर त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. नेम धरायला उसंत मिळते. दुर्बिणीसारखे भिंग असते, पाणसळ असते, आणि दोरी बोटांनी न सोडता हातातल्या एका खटक्याने सोडतात. हा खटका पुष्कळ खेळाडू अंगठ्याने दाबतात. एकलव्याचा अंगठा आठवल्याशिवाय राहत नाही!

एवढी यंत्रे आहेत म्हटल्यावर काही जुन्या जाणकारांना हा खेळ सोपा वाटतो. मला हे पटत नाही. यंत्र सर्वांपाशी सारखेच असते, म्हणून तर चुकीला क्षमा उरत नाही. रिकर्व्हमध्ये आठचा बाण मारूनही सामना जिंकता येतो; कंपाउंडमध्ये वरच्या पातळीवर आठ म्हणजे घरी जाणे.

तर पॅरिसपर्यंत ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी होती ती फक्त रिकर्व्हची. प्रथमेशला कुणी डावलले नव्हते. त्याच्या खेळाला तिथे दारच नव्हते.

आशियाई स्पर्धांत मात्र 2014 पासून कंपाउंड आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊला अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी दक्षिण कोरियाला 235 विरुद्ध 230 असे हरवून सांघिक सुवर्ण आणले. वैयक्तिक स्पर्धेत एका देशाचे दोघेच पुढे जाऊ शकतात. तिथे ओजस आणि अभिषेक होते, आणि शांघायचा विजेता प्रेक्षकांत. त्याआधी सप्टेंबरात मेक्सिकोतील हेर्मोसिलो येथे विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत त्याने श्लोसरला पुन्हा हरवले आणि डेन्मार्कच्या मथियास फुलर्टनशी गाठ पडली. दोघांचे 148. मग एकेक बाण. दोघांचेही दहा. शेवटी कुणाचा बाण मध्याच्या जवळ हे मोजले गेले आणि प्रथमेशच्या वाट्याला रौप्य आले.

तो एकटाच उगवला असे मात्र नव्हे. मिहिर अपार हाही बुलढाण्याचाच. 2021 साली पोलंडमध्ये कुमारांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो होता. आपल्या जिल्ह्याच्या पोलिस दलातील मोनाली जाधव यांनी 2019 मध्ये चीनमध्ये झालेल्या जागतिक पोलिस स्पर्धेत तिरंदाजीचे सुवर्ण मिळवले. घाटावरच्या या गावात शिकवणारे आणि शिकणारे दोन्ही टिकून राहिले, हेच मला मोठे वाटते. मी टिकलो नाही. बांबूच्या धनुष्यावरून कंपाउंडवर जायचे तर लाखाच्या पुढे खर्च होता, आणि त्या वर्षी आमच्या सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत. माझे धनुष्य अजून माळ्यावर आहे. त्याची दोरी आईने पडवीत कपडे वाळत घालायला बांधली.

एप्रिल 2025 मध्ये निर्णय झाला की 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा प्रवेश होईल, पण केवळ मिश्र जोडीचा. म्हणजे एका देशाचा एक पुरुष आणि एक स्त्री. जागतिक विजेता ठरलेला ओजस नागपूरचा, प्रथमेश फुगे पुण्याचा, अभिषेक दिल्लीचा, आणि आपला प्रथमेश बुलढाण्याचा. शिवाय रोज सकाळी मैदानावर येणारी नवी पोरे आहेतच. पुरुषांची जागा एकच आहे, आणि ती बहुधा पुन्हा एखाद्या गुणानेच ठरेल.